कपाटामागची बुरशी तिसऱ्यांदा आली, आता नेमकं काय करायचं?

पिवळीशाल:
आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात लाकडी कपाट आहे, पाठ बाहेरच्या भिंतीला लागून आणि एक बाजू बाथरूमच्या भिंतीला लागून. गेल्या वर्षी साफसफाईला ओढलं तेव्हा मागे काळे ठिपके दिसले, ब्लीच लावून पुसले, भिंत एकदम पांढरी झाली म्हटलं सुटलो. महिन्याभरात परत. मग पुन्हा पुसून त्यावर बुरशीविरोधी रंग दिला, तो काही महिने टिकला आणि आता रंगाचे पोपडे निघतायत आणि पोपड्याखाली परत तेच काळं. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरट-हिरवट थर आलाय. मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याच खोलीत झोपतो, उठल्या उठल्या शिंका सुरू होतात त्या तासभर थांबत नाहीत, सुट्टीत दुसरीकडे राहिलो तेव्हा एकही शिंक नव्हती. त्यामुळे मला खूप काळजी वाटतेय. चांगलं केमिकल कोणतं ते सांगा प्लीज, रंगारी म्हणतोय अजून एक हात मारू.

कोरडाठाक:
आमच्याकडे ब्लीचमध्ये थोडं व्हिनेगर घालून मारतात, दोन्हीची ताकद मिळते. एकदम साफ होतं.

मोजूनबघा:
@कोरडाठाक हे कृपया कुणीही करू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेला काचेचा वगैरे क्लीनर पडला तर क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसाला घातक आहेत आणि बंद बाथरूममध्ये तर फारच. एका वेळी एकच वस्तू वापरा आणि खिडकी उघडी ठेवून वापरा.

कोरडाठाक:
अरे बापरे, हे खरंच माहीत नव्हतं. आजपासून बंद, घरी पण सांगतो.

गिलावा:
ताई, बांधकाम-दुरुस्तीत बरीच वर्षं आहे म्हणून स्पष्ट सांगतो, रंगाऱ्याला आत्ता हात लावू देऊ नका. बुरशीला लागतात चार गोष्टी, तिचं बीज, खायला काहीतरी, बरं तापमान आणि ओल. बीजाणू प्रत्येक घरातल्या हवेत असतातच, ते कुणाला संपवता येत नाहीत. खायला धूळ, लाकूड, कागद, रंगातला चिकट भाग, काहीही चालतं. तापमान जे आपल्याला बरं वाटतं तेच तिलाही. राहिली ओल, तीच एक आपल्या हातात आहे. तुम्ही दोन वेळा डाग काढलात, ओल एकदाही काढली नाही, म्हणून ती दोन्ही वेळा परत आली. ब्लीचने रंग उडतो म्हणून भिंत पांढरी दिसते पण गिलाव्याच्या आत गेलेले तंतू राहतात, वर ब्लीचमधलं पाणी भिंत पिते ते वेगळंच. आणि बुरशीवर दिलेला रंग सुटणारच, खालचा थर धरून ठेवायला काही उरलेलं नसतं.

आता मला सांगा, डाग कुठल्या भिंतीवर जास्त आहेत, वर आहेत की खाली जमिनीलगत, आणि भिंतीवर पांढरी भुकटी किंवा मिठासारखं काही आलंय का?

पिवळीशाल:
तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च घेऊन नीट बघितलं, आधी इतकं निरखून कधी पाहिलंच नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर ठिपके कपाटाच्या उंचीइतके सगळीकडे पसरलेत, वरच्या कोपऱ्यात छताजवळ दाट. पोपडे मात्र तिथे नाहीत, पोपडे सगळे बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर आहेत, जमिनीपासून साधारण दीड फुटापर्यंत, आणि तिथेच पांढरं पांढरं काहीतरी आहे, मला ती पण बुरशीच वाटत होती.

गिलावा:
त्या पांढऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळून गेलं तर ते क्षार, बुरशी विरघळत नाही. भिंतीच्या आतून पाणी बाहेर येतं, येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात, तेच रंगाला ढकलून पोपडे काढतात. मला वाटतं तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळ्या ओली आहेत.

मोजूनबघा:
मलाही तेच वाटतं, आणि खात्री करायला सोपी चाचणी आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइल दोन्ही भिंतींवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा. आधी ती जागा वरवर कोरडी करून घ्या. एक-दोन दिवस राहू द्या. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल हवेतून येतेय, काढल्यावर मागच्या बाजूला ओलं निघालं तर भिंतीतून येतेय.

आणि एक आर्द्रतामापक घ्या, साधा डिजिटल पुरतो, तो घेतल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. घेतल्यावर तपासून घ्या, कारण स्वस्त मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, सगळं विरघळता कामा नये, ते झाकण आणि मीटर एका बंद पिशवीत घालून रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, मीटर ७० दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे.

श्वासमोकळा:
पिवळीशाल, बाकी सगळे भिंतीचं सांगतायत तर मी मुलाचं सांगते, माझ्या मुलीला दमा आहे आणि आमचं असंच झालं होतं. त्याला आजच दुसऱ्या खोलीत झोपवा, भिंतीचं काम होईपर्यंत थांबू नका. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात बुरशी आहे आणि बाहेर राहिल्यावर त्रास थांबला होता हे आवर्जून सांगा, आम्ही कितीतरी दिवस हे सांगितलंच नव्हतं, कारण डोक्यातच आलं नाही की याचा संबंध असेल. पुसताना तो घरात नको. मेलेल्या बुरशीनेही अॅलर्जी होते हे मला खूप उशिरा कळलं, म्हणजे मारून उपयोग नाही, काढून टाकावी लागते.

पिवळीशाल:
धन्यवाद ताई, आज रात्रीपासून तो आमच्याजवळ हॉलमध्ये. हे वाचून डोळ्यात पाणी आलं, इतके दिवस मी त्याला थंड पाणी पिऊ नको म्हणून ओरडत होते.

दूरचापक्षी:
सगळ्यात सोपं, दिवसभर खिडक्या उघड्या टाका. हवा खेळती पाहिजे बस.

मोजूनबघा:
@दूरचापक्षी हे अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने बऱ्याच घरांत उलट नुकसान होतं, म्हणून जरा लांबण लावतो. गरम हवेत वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. समजा बाहेर १० अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे, ऐकायला भयंकर दमट, पण तीच हवा घरात येऊन २२ अंशांना तापली की तिची आर्द्रता ४२ च्या आसपास उतरते, म्हणजे अशा दिवशी खिडकी उघडली तर घर कोरडं होतं. उलट बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन उतरायला लागते तो, २६ च्या जवळ असतो. घरात एसी लावून भिंती-फरशा २४ वर आणल्या आणि मग खिडकी उघडली तर त्या हवेतलं पाणी सरळ तुमच्या फरशीवर, आरशावर, कपाटावर उतरणार. म्हणून खिडकी कधी उघडायची हे बाहेरचा दवबिंदू बघून ठरवायचं, हवामानाच्या बहुतेक अॅपमध्ये तो दिलेला असतो. घरातल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा बाहेरचा कमी असेल तर उघडा, जास्त असेल तर बंद ठेवा आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड वापरा.

आर्द्रता ६० च्या खाली हवीच, ३० ते ५० च्या मध्ये राहिली तर उत्तम.

दूरचापक्षी:
ओके, म्हणूनच आमच्याकडे दमट दिवसांत खिडक्या उघडल्या की फरशीला घाम सुटतो. मी फरशीलाच दोष देत होतो.

जुनीपुस्तकं:
धाग्यात घुसतेय पण माझा प्रश्न याच्या जवळचा आहे. पुस्तकांच्या कपाटात खालच्या दोन खणांत बुरशी लागलीय, पानं पिवळी पडून कडेने ठिपके आलेत, काही पुस्तकं वडिलांची आहेत, टाकवत नाहीत. पुसू का?

मोजूनबघा:
ओल्या फडक्याने अजिबात नको. आधी ती पुस्तकं बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या हवेत उभी ठेवून पानं थोडी उघडी ठेवून वाळू द्या, पूर्ण वाळल्यावर बुरशी भुकटीसारखी होते, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेरच्या बाजूला झाडा, तोंडाला एन-९५ मास्क लावून. भिजलेली असतील आणि लगेच वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, त्याने बुरशी मरत नाही पण वाढ थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तेही पुढे ओढा.

जुनीपुस्तकं:
बाहेरच्याच भिंतीला आहे. आज ओढते.

पिवळीशाल:
चाचणी झाली, तुम्ही दोघं म्हणालात तसंच निघालं! बाहेरच्या भिंतीवरच्या फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला बारीक दव, मागे कोरडं. बाथरूमच्या भिंतीवरच्या फॉइलच्या मागे मात्र ओलं, हात लावला तर बोटाला पाणी लागलं. पांढरं पण थेंबाने विरघळलं. मीटर मिठाने तपासून घेतला, तो ३ कमी दाखवतो, ते धरून पहाटे खोलीत ६८ आणि कपाटामागे ७९. खोलीचं तापमान २०.

मग मी बसून विचार केला की खोलीत इतकी वाफ येते कुठून, तर कपडे! बाहेर थंडी आहे म्हणून दोन महिने कपडे याच खोलीत स्टँडवर वाळतायत, आणि रात्री दार-खिडक्या बंद, आम्ही तिघं आत.

मोजूनबघा:
सापडलं तुमचं. मशीनमधून पिळून निघालेल्या एका मोठ्या धुण्यात साधारण दोन लिटर पाणी असतं आणि ते सगळं त्या खोलीच्या हवेत जातं. वर झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत पाव लिटरच्या वर वाफ निघते, तुम्ही तिघं.

आता कपाट का, तर खोलीची हवा कपाटामागे फिरत नाही, त्यामुळे ती भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा थंड राहते. खोलीत २० अंश आणि फक्त ६० टक्के धरले, आणि कपाटामागची भिंत १५ अंश असली, तर भिंतीला चिकटलेल्या हवेची आर्द्रता ८२ पर्यंत जाते. पाण्याचा थेंब दिसत नाही, भिंत हाताला ओलीही लागत नाही, पण बुरशीला भिंतीलगत ८० टक्के टिकून राहिले की पुरतं. तुमच्याकडे तर ६८ आहेत. वरच्या कोपऱ्यात दाट का, तर तिथे दोन भिंती आणि छत मिळतात, तो घरातला सगळ्यात थंड भाग असतो.

गिलावा:
आता दुसऱ्या ओलीचं. बाथरूमकडून पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं, भिंतीतला पाण्याचा पाइप, टाइल्सचे सांधे, नाहीतर जमिनीतला न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जाळीतून ज्यात जातं तो भाग. तोडफोड करायच्या आधी हे एकेक बाद करायचं, नाहीतर मिस्त्री सरसकट सगळ्या टाइल्स काढायला लावतो आणि बऱ्याचदा गरज नसते.

पहिलं, घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरून घ्या, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, दोन-तीन तास कुणी पाणी वापरू नका, परत बघा. आकडा हलला तर पाइप गळतोय. मीटर नसेल तर वरची टाकी भरून तिच्या पातळीवर खूण करा आणि भरणं बंद ठेवा. हलला नाही तर चार-पाच दिवस ते बाथरूम आंघोळीला वापरू नका आणि भिंतीवर ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून ठेवा, वर तारीख लिहा. ओल मागे सरकली तर पाणी वापराचं आहे. मग न्हाणी ट्रॅपचं तोंड पिशवीत वाळू भरून किंवा रबरी बुचाने बंद करा आणि फरशीवर इंचभर पाणी एक दिवस साठवा. ओल परत पुढे आली तर फरशीचे सांधे किंवा फरशी-भिंतीची कड. आली नाही तर बूच काढून पाणी जाऊ द्या, अजून दोन-चार बादल्या सोडा, आणि मग आली तर ट्रॅपचा सांधा. तरीही कोरडं राहिलं तर शॉवर नुसता भिंतीच्या टाइल्सवर मारून बघायचा. प्रत्येक पायरीनंतर एक-दोन दिवस वाट बघा, भिंत लगेच उत्तर देत नाही.

कपडेवाला:
कपडे घरात वाळवायचेच असतील तर बाथरूममध्ये वाळवा, दार बंद आणि एक्झॉस्ट चालू. पंख्याने हवा बाहेर गेली पाहिजे, काही ठिकाणी तो नुसता खोट्या छतात सोडलेला असतो, तिथे वर बुरशीचं रान माजतं. टिश्यू पेपर जाळीला लावून बघा, चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. आंघोळीनंतर पण लगेच बंद करू नका, १५-२० मिनिटं चालू द्या आणि वायपरने टाइल्सवरचं पाणी ओढा.

आणि फ्रंटलोड मशीन असेल तर दार उघडं ठेवा, दाराच्या रबराची घडी पुसा. लहान मूल घरात असेल तर मात्र ते मशीनमध्ये शिरणार नाही याकडे लक्ष असू द्या.

पिवळीशाल:
सगळं लिहून घेतलं. गिलावा काका, मीटर हलला नाही. बाथरूम बंद केलंय, पेन्सिलची रेघ मारलीय. तोवर बाहेरच्या भिंतीवरची बुरशी मी स्वतः काढली तर चालेल का? साधारण तीन फूट बाय अडीच फूट आहे.

मोजूनबघा:
तीन बाय तीन फुटांच्या आत घरच्या घरी चालतं. त्याहून जास्त असती किंवा सांडपाण्याने भिजली असती तर जाणकार माणसालाच बोलवा म्हटलं असतं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, भोकं नसलेला गॉगल. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद ठेवा नाहीतर बीजाणू घरभर. कोरडं घासू नका, आधी पाण्यात कपडे धुण्याचा साबण घालून हलका फवारा मारा मग स्पंजने घासा, स्पंज आणि फडकी नंतर पिशवीत बांधून फेकून द्या. बुरशी निघून जाण्यासाठी साबण-पाणी आणि घासणं हेच काम करतं. मग भिंत त्याच दिवशी कोरडी करा. कुठलीही वस्तू भिजल्यापासून २४ ते ४८ तासांत वाळली पाहिजे, त्याच्या पुढे बुरशी धरायला लागते, हे एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ.

कपाटाची पाठ प्लायची असेल आणि फुगली असेल तर पाठच बदला, आत शिरलेली बुरशी पुसून निघत नाही.

श्वासमोकळा:
आणि ही काळी बुरशी विषारी का म्हणून घाबरू नका, रंगावरून जात कळत नाही, काळ्या दिसणाऱ्या बुरश्या खूप आहेत. आम्ही नमुना तपासायला देण्यात पैसे घालवले, हाती काही लागलं नाही, कारण जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच असतं. ओझोन सोडणारी मशीन पण विकायला येतात, ती घेऊ नका, ओझोनने फुफ्फुसाला त्रास होतो आणि दम्याच्या मुलांना तर फारच.

पिवळीशाल:
तीन आठवड्यांनी लिहितेय. पाचव्या दिवशी ओल रेघेच्या चार बोटं खाली गेली होती. मग फरशीवर पाणी साठवलं, दोन दिवस काही नाही. बूच काढून चार बादल्या सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेच्या वर! न्हाणी ट्रॅप आणि पाइपच्या सांध्यात फट होती, पाणी फरशीच्या खालून भिंतीच्या पायाला जात होतं. चारच टाइल्स काढाव्या लागल्या. आधी आलेल्या माणसाने पूर्ण बाथरूम फोडायचं सांगितलं होतं.

बाहेरच्या भिंतीवरचं साबणाने काढलं, कपाटाची पाठ बदलली, कपडे आता बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून वाळवतो, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडतो. पहाटेचं वाचन ५४. मुलाच्या शिंका जवळपास थांबल्यात, डॉक्टरांनी पण घरातल्या ओलीबद्दल आम्ही सांगितलं ते लिहून घेतलं.

आता रंग कधी देऊ? बाथरूमकडची भिंत दिसायला कोरडी आहे.

गिलावा:
फार बरं वाटलं वाचून ताई. पण दिसायला कोरडी यावर जाऊ नका, वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला गिलावा महिने घेतो. सुटलेला भुसभुशीत गिलावा खरवडून काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका नाहीतर ते परत आत जातील. मग भिंत उघडी ठेवा. तीन-चार आठवड्यांनी परत फॉइल लावा, मागची बाजू कोरडी निघाली तरच पुट्टी आणि रंग. कपाट परत लावताना दोन्ही भिंतींपासून चार बोटं लांब आणि खालून पायांवर उचललेलं, म्हणजे मागून हवा वर जाईल.

पिवळीशाल:
चालेल. फॉइलची तारीख कॅलेंडरवर टाकली, तोवर कपाट हॉलमध्येच राहील. भिंत कुरूप दिसतेय पण मुलगा रोज येऊन पेन्सिलची रेघ बघतो आणि ओल कुठवर आहे ते मला सांगतो.